सोमवारची पोटदुखी आणि आईचा मऊ भात

प्रिय ताई,

मी 41 वर्षांची, ठाण्यात राहते, बँकेत नोकरी करते. माझा मुलगा चौथीत आहे. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून सोमवार उजाडला की त्याच्या पोटात दुखतं. बूट घालायची वेळ झाली की बेंबीवर हात दाबून बसतो. बालरोगतज्ज्ञांना दाखवलं, रक्त-लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. मिस्टर म्हणतात, शुद्ध नाटक आहे, दोन रट्टे दिले की पळेल. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी पोरांना दुखायला सवड नव्हती. मी मात्र विरघळते. चार-पाच सोमवार त्याला घरी ठेवलं, स्वतःही सीएल टाकली. वर्षभर रजा त्याच्या आजारपणासाठीच राखून ठेवते मी.

विरघळण्याचं कारण आजवर कोणाला सांगितलं नाही. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. घरात अकरा माणसं. आई पहाटे पाचला उठायची, ती रात्री भांडी आवरूनच आडवी व्हायची. एरवी तिनं जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. ताप आला की मात्र उशाशी बसायची. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायची, मेतकूट-मऊ भात भरवायची, केसांतून हात फिरवायची. माझ्या लहानपणातल्या सगळ्यात सुखाच्या आठवणी तापातल्या आहेत. हे विचित्र नाही का? सातवीत असताना ताप यावा म्हणून काखेत कांदा धरून झोपले होते. आला नाही. मग थर्मामीटर गरम चहाच्या कपाला टेकवला. आईनं पारा बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. त्या दिवशी शाळेत पाठवलं नाही.

आता माझा मुलगा तेच करतोय का? त्याला घरी ठेवू की शाळेत पाठवू? आणि ही आठवण डोक्यातून कशी काढू? आई आता सत्तरीत आहे, भावाकडे साताऱ्याला असते. तिच्याशी यावर कधी बोलले नाही.

– सोमवारची आई, ठाणे

प्रिय सोमवारची आई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण मुलाच्या पोटाचं कोडं सोडवताना तोच उपयोगी पडणार आहे.

तापातली आठवण सुखाची असावी यात विचित्र काही नाही. मी बरीच वर्षं शाळेत शिकवलं. दोन-तीन दिवसांनी परतलेलं मूल टेबलावर चिठ्ठी ठेवायचं, 'माझा पाल्य आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकला नाही, तरी रजा मंजूर करावी ही विनंती', आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींना आजारपणाची हकीकत सुरू व्हायची. ताप किती होता, इंजेक्शन कुठे टोचलं, हे एका दमात उरकायचं. मोसंबी कोणी सोलून दिली, बाबा येताना काय घेऊन आले, आजीनं दृष्ट काढली तेव्हा मिरच्यांचा ठसका आला की नाही, हे मात्र घोळवून घोळवून सांगितलं जायचं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कोणालाही विचारा, दुखणं त्याला धड आठवत नाही. कोणी काय केलं ते सगळं आठवतं.

तुमच्या पिढीकडे या आठवणींचा साठाही मोठा आहे, कारण तेव्हाची आजारपणं लांबायची. कांजिण्या आल्या की खपल्या धरेपर्यंत शाळा बंद, गालगुंड झालं की सूज उतरेपर्यंत बंद, कावीळ झाली तर महिना गेलाच. अंथरूण आतल्या खोलीतून माजघरात यायचं, आईच्या नजरेच्या टप्प्यात. एरवी शाळेत असल्यामुळे घरातली जी दुपार कधी वाट्याला यायची नाही, ती पडल्या पडल्या ऐकू यायची. सांगली आकाशवाणी लागलेली, मोरीत धुण्याचा आवाज, दारावर आलेली भाजीवाली, आणि मुलं शाळेत गेल्यावरच निघणारे आई-काकूंचे विषय.

मला स्वतःला औषधाची बाटली आठवते. रिकामी बाटली घरून धुऊन न्यायची. कंपाउंडर खिडकीतून हात काढून ती घ्यायचा, तांबडं मिक्श्चर भरायचा आणि बाटलीच्या अंगाला कागदाची लांब पट्टी डकवायचा. पट्टीच्या कडेला कात्रीनं खाचा पाडलेल्या असायच्या, एक खाच म्हणजे एक डोस. खळ ओलीच असायची, घरी पोचेपर्यंत बोटाला चिकटायची. दिवसाचे तीन डोस, उरल्या सहा खाचा, म्हणजे अजून दोन दिवस शाळा नाही, हा हिशोब मी त्या पट्टीवर बोट ठेवून केलेला आहे. औषध तोंडात धरवत नसे इतकं कडू असूनही.

तेव्हा आठवण काढून टाकायची गरज नाही. ती एकदा आईच्या बाजूनं बघायची मात्र गरज आहे.

अकरा माणसांच्या घरात सुनेला दिवसाढवळ्या बसायची सोय नव्हती. बसली की कोणीतरी विचारणार, 'झालं का सगळं?' दोनच कारणं साऱ्या घराला मान्य असायची. एक अंगावरचं मूल आणि दुसरं पोराचा ताप. 'पोरीचं अंग तापलंय' म्हटलं की भाकऱ्या जाऊबाई थापणार, धुणं उद्यावर जाणार आणि सासऱ्यांच्या देखतही तिला तुमच्या उशाशी टेकता येणार. ताप आला की आईला माया यायची, असं तुम्हाला वाटत आलंय. मला तसं वाटत नाही. माया रोजचीच असणार, ती घेऊन बसायला वेळ फक्त तापाच्या दिवशी मिळायचा. आजारी तुम्ही पडायचात, रजा दोघींना मिळायची.

आणि त्या थर्मामीटरबद्दल. गरम कपाला टेकवलेला पारा शंभर-एकशेएकवर थांबत नाही, सरळ वरच्या टोकाला जातो. एवढा ताप असलेलं मूल उठून चहाच्या कपापर्यंत पोचत नाही. आणि कपाळाला हात लावून ताप ओळखणाऱ्या बाईला पाऱ्याची गरजही नव्हती. तुम्ही तिला फसवलंत ही बोच इतकी वर्षं बाळगलीत, पण ती फसलेलीच नव्हती. तिनं पारा बघितला, तुमच्याकडे बघितलं आणि तुम्हाला घरी ठेवलं. का, ते फक्त तीच सांगू शकेल. फोन करा आणि विचारा. 'आई, मी तेव्हा थर्मामीटर कपाला लावला होता, तुला कळलं होतं ना?' एवढंच. सत्तरीतल्या आईला असलं काही विचारणारं फारसं कोणी नसतं. गोळ्या घेतल्यास का, गुडघा कसा आहे, यापुढे आपले फोन जात नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आजारपणाच्या गोड आठवणी बरे झालेल्यांच्या असतात. गोवरानं त्या काळात कितीतरी घरांतली मुलं नेली. 1985 साली गोवराची लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आली, तेव्हा कुठे चित्र पालटू लागलं. तरीही 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवर पुन्हा पसरला आणि मुलं दगावली. म्हणून 'आमच्या वेळचं आजारपण छान होतं' असं म्हणताना आपल्याला आजारपण नको असतं, उशाशी बसलेली आई हवी असते, हे लक्षात ठेवू. (मुलाचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झालेत ना, ते जाता जाता कार्डावर बघून घ्या. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, ती डॉक्टरांना वेगळी विचारावी लागते.)

आता चिरंजीवांकडे येऊ.

'नाटक' हा शब्द घरातून हद्दपार करा. तुमच्या मिस्टरांनीही, सासूबाईंनीही. पोट आणि मेंदू यांच्यात नसांची दाट ये-जा असते. मुलाखतीच्या आधी मोठ्या माणसाला दोनदा संडासला पळावं लागतं, तेव्हा त्याला आपण नाटकी म्हणत नाही. बेंबीभोवती दुखणारं, सकाळी उठणारं, सुट्टीच्या दिवशी नाहीसं होणारं पोट शाळकरी वयात खूप मुलांचं असतं आणि तपासण्यांत बहुतेकदा काही सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल आले याचा अर्थ आतड्यात बिघाड नाही. दुखत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही सातवीत काखेत कांदा ठेवलात तेव्हा तुम्ही ठरवून केलंत. तुमचा चौथीतला मुलगा ठरवून करत असेल असं तुमच्या पत्रातून मला दिसत नाही. त्याचं पोट खरंच दुखतंय.

पुढे कधी दुखण्यानं त्याला रात्री झोपेतून जाग आली, वजन उतरलं, शौचातून रक्त पडलं, हिरवट उलट्या झाल्या, लघवीला जळजळ झाली, किंवा दुखणं बेंबीवरून सरकून उजव्या बाजूला खाली गेलं आणि ताप आला, तर सोमवार असो की रविवार, त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरकडे न्या. ते नसेल तर सोनोग्राफीवर सोनोग्राफी करत बसू नका. त्यानं मुलाची खात्री पटते की आपल्या पोटात काहीतरी मोठं आहे.

मग शोधायचं काय? तुम्ही विचारलं नाहीत ते मी आधी विचारते. तुमचा मुलगा शाळेच्या संडासात जातो का?

हसण्यावारी नेऊ नका. वर्गात पोट धरून बसणाऱ्या मुलांपैकी कितीजणांचं मूळ मला तिथे सापडलंय. कडी लागत नाही, पाणी नाही, वास येतो, मोठी मुलं दारावर थापा मारतात, आणि तासाला हात वर केला तर 'मधल्या सुट्टीत काय करत होतास?' हे ऐकावं लागतं. मग मुलं एक उपाय शोधतात. पाणीच पीत नाहीत. आज संध्याकाळी तो आला की दप्तर उघडून पाण्याची बाटली हातात घ्या. सकाळी भरली तेवढीच परत आली असेल तर निम्मं उत्तर मिळालं. दिवसभर पाणी नाही, कळ दाबून ठेवलेली, त्यातून बद्धकोष्ठ होतं आणि बद्धकोष्ठानं पोट दुखतं. मुलांच्या पोटदुखीचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि मूल रोज संडासला जातं एवढ्यावरून ते नाही असं म्हणता येत नाही. डॉक्टरांना नेमका हा प्रश्न विचारा.

सोमवारच का, तेही यातून थोडं उलगडतं. शनिवार-रविवार उशिरा उठणं, अवेळी खाणं, रविवारी रात्री बाहेरचं काहीतरी. सोमवारी सकाळी एकदम सहाचा गजर, दूध घशाखाली उतरायच्या आत व्हॅनचा हॉर्न. बसायला वेळच नाही. त्याला 20 मिनिटं आधी उठवा. काहीतरी खायला द्या. खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, म्हणून खाऊन झाल्यावर त्याला निवांत बसू द्या, मोबाइल न देता. कमोड असेल आणि पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट ठेवा. पाय टेकले की जोर लागतो.

पोटाची बाजू ही अशी. मनाची बाजू वेळापत्रकात बघा. सोमवारी कोणते तास आहेत? पी.टी. आहे का, इंग्रजीचं स्पेलिंग विचारतात का, त्या दिवशी वेगळे सर येतात का? दिवाळीनंतर काय बदललं? दुसऱ्या सत्रात बाकांची जागा बदलतात, जिवलग मित्र दुसऱ्या ओळीत जातो. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते, नऊ वर्षांच्या मुलाची मात्र सगळी मधली सुट्टी त्यावर अवलंबून असते.

हे विचारायची वेळ सोमवारी सकाळची नव्हे. तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघता, तो बुटाकडे. शनिवारी दोघं मिळून मटार सोलायला बसा, किंवा स्कूटरवर मागे बसला असताना बोला, किंवा रात्री दिवा घालवल्यावर. मुलं समोरासमोर नजर लावून विचारलेल्या प्रश्नाला 'काही नाही' म्हणतात आणि हाताला काम असलं की भडाभडा बोलतात. 'पोट का दुखतं?' हे विचारू नका, त्याला ते माहीत नाही. 'डबा कोणाजवळ बसून खातोस?', 'एक तास गायब करायचा म्हटलं तर कुठला करशील?' असं विचारा. उत्तर मिळालं की लगेच सल्ला देऊ नका. उरलेली शेंग सोलेपर्यंत तरी थांबा.

बोलता बोलता एखाद्या माणसाची भीती निघाली, मग तो व्हॅनवाला असो, शिक्षक असो की मोठ्या वर्गातला मुलगा, तर त्याचं सगळं खरं मानून ऐका. 'असं कसं होईल?' हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना भेटा. गरज वाटली तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

आता घरी ठेवायचं की पाठवायचं. हा निर्णय आजारावर ठरवा, त्याच्या चेहऱ्यावर नको. ताप 100.4 किंवा त्याहून जास्त असेल, उलट्या किंवा जुलाब होत असतील, अंगावर पुरळ असेल, तर घरी. औषध न देता ताप उतरून 24 तास होईपर्यंत घरीच. अशा दिवशी मनसोक्त माया करा, पट्ट्या ठेवा (पाणी कोमट असू द्या, बर्फाचं नको), मऊ भात भरवा, अभ्यास बुडाला म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फोटो मागवून त्याला अंथरुणात लिहायला बसवू नका. हे हल्ली फार चाललंय आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तापलेल्या मुलाला तापू द्यावं, झोपू द्यावं, छताकडे बघत पडू द्यावं. चौथीतले दोन दिवस सहज भरून निघतात.

यातलं काही नसेल, नुसतं सोमवारचं पोट असेल, तर शाळा. उशिरा गेला तरी चालेल. सासूबाईंना सांगा, चिमूटभर ओवा-मीठ चावायला द्या, गरम पाण्याची पिशवी 10 मिनिटं पोटावर धरा. पिशवी कोमट हवी, नीट बंद केलेली आणि फडक्यात गुंडाळलेली. ही कामं आज्ज्यांच्या हातात शोभतात, आणि 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणणाऱ्या आजीला नातवाच्या दुखण्यात मानाची जागा मिळते. मग बूट आणि शाळा. 'दुखतंय हे मला कळतंय, आपण शेक घेऊ आणि दुसऱ्या तासाला जाऊ,' एवढं बोलणं पुरे. त्याला घरी ठेवलं की पोट तासाभरात थांबतं, आणि शाळा टाळली की दुखणं थांबतं हे त्याच्या शरीराला पाठ होतं. म्हणून प्रत्येक घरी राहिलेला सोमवार पुढच्या सोमवारला जड करतो. आता सोमवार आहे, उद्या मंगळवारही लागेल.

वर्गशिक्षकांना एकदा शांतपणे भेटा. दोन गोष्टी मागा. संडासला जायची परवानगी मागितली तर चारचौघांत प्रश्न न विचारता मिळावी. आणि पोट दुखलं तर घरी फोन करण्याऐवजी 10 मिनिटं आडवं होऊन पुन्हा वर्गात पाठवावं. बहुतेक शिक्षक आनंदानं ऐकतात. त्यांनाही त्या मुलाचं काय करावं ते कळत नसतं.

एखादा सोमवार घरी राहिलाच, तर रागवायचं नाही आणि करमणूकही करायची नाही. टीव्ही नाही, मोबाइल नाही. गादी, गोष्टीचं पुस्तक, वरण-भात. शिक्षा म्हणून नव्हे. आजारी माणूस विश्रांती घेतो, म्हणून.

मिस्टरांसाठी थोडं. दोन रट्ट्यांनी दुखणं पळत नाही, मूल सांगायचं थांबतं. पुढे खरंच अपेंडिक्स दुखलं तरी ते मुकाट्यानं सहन करेल. त्यांना वाईट म्हणत नाही मी. पोराच्या मायेचं काम आपल्या वाट्याचं नाही अशीच पुरुषांची वाढ आपण केलीय. पुढचे सगळे सोमवार शाळेत सोडायचं काम त्यांच्याकडे द्या. रस्त्यात बाप-लेक काय बोलतील ते बोलोत.

आणि आता तुमच्या पत्रातलं ते एक वाक्य, जे तुम्ही ओघात लिहून गेलात. 'वर्षभर रजा त्याच्या आजारपणासाठीच राखून ठेवते.' तुमच्या आईला उशाशी बसायला ताप लागायचा. तुम्हाला बँक आहे, अकरा माणसं नाहीत, चूल नाही, तरी तुमच्याही घरात आईची रजा तापावरच मंजूर होते. मुलांना हे फार लवकर समजतं. सांगून नव्हे, बघून. पोट दुखलं की आई घरी राहते, ऑफिसची साडी बदलून गाऊन घालते, जवळ झोपते. मंगळवार ते शुक्रवार तीच आई रात्री आठला येते, 'होमवर्क झाला का' विचारते आणि कुकर लावते. मी त्याच्या जागी असते तर माझंही पोट दुखलं असतं.

म्हणून माझा मुख्य सल्ला शाळेबद्दल नाहीच. तापाच्या दिवशीचं जे तुम्हाला हवंहवंसं होतं, ते त्याला बरा असताना द्या. रविवारपासून सुरुवात करा, कारण सोमवारच्या पोटाची तयारी रविवारी संध्याकाळीच सुरू होते. त्या रात्री हॉटेल नको. मऊ भात करा. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, चिमूट हिंग-मीठ घालून गिजवा, पळीनं घोटा, वर तुपाची धार आणि दोन चमचे मेतकूट. मेतकूट शक्यतो साताऱ्याहून आईच्या हातचं मागवा, फोन करायला तेही एक निमित्त होईल. जेवणं झाली की त्याच्या डोक्याला तेल लावा किंवा नुसता हात फिरवत पडा. दप्तर, डायरी, उद्याचा डबा यातलं काही बोलू नका. 20 मिनिटं पुरतात. एवढं झाल्यावर तुमची भांडी मिस्टर आवरतील.

रजेचंही असंच करा. सरकारी बँकेत वर्षाला 12 सीएल मिळतात. त्यातल्या दोन-तीन अशा दिवसांना वापरा, जेव्हा त्याला सुट्टी आहे, तो ठणठणीत आहे आणि कुठे जायचं ठरलेलं नाही. त्याला आधी सांगून ठेवा, 'या दिवशी मी घरी आहे, तुला काहीही झालेलं नाही म्हणून.' तो गोंधळेल. दुपारी तुमच्याभोवती उगाच घोटाळेल. घोटाळू द्या.

रजा ही चैन वाटणाऱ्या बायकांची पत्रं मला सतत येतात, म्हणून इतरांसाठीही लिहिते. केंद्र सरकारी नोकरीतल्या महिलांना सबंध सेवेत 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. राज्य सरकारनं 2018 मध्ये 180 दिवसांची दिली. सगळी एकदम मागून मिळत नाही, पण हक्क आहे. नेहमीच्या चौकोनी घरातल्या बापाला मात्र ती मिळत नाही, आणि हे मला बदलायला हवं असं वाटतं. खासगीत अशी वेगळी रजा कायद्यानं द्यावी लागत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकान-कार्यालयांच्या कायद्यात जी दुकानं-कार्यालयं येतात, त्यांना वर्षाला 8 पगारी किरकोळ रजा द्याव्या लागतात, तेवढ्या तरी सोडू नका.

एक महिनाभर हे सगळं करून बघा. पोट, बाटली, वेळापत्रक, रविवारचा भात. तरीही तो शाळेचं नाव काढताच रडत असेल, मंगळवार-बुधवारही बुडू लागले, झोप किंवा जेवण कमी झालं, तर मुलांच्या समुपदेशकाकडे जा. तातडीनं बोलायला 14416 हा सरकारी टेलीमानस क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. त्यात कमीपणा मानू नका.

आणि मला पुन्हा लिहा. पाण्याच्या बाटलीचं काय निघालं ते आधी कळवा, आणि आई फोनवर काय म्हणाली ते जमलं तर सांगा.

– तुमची ताई